म्हसावदला दाखवलेला शेवट

पैजेच्या अटी लिहून घ्याव्यात, हा आग्रह माझाच होता. दाखूबाईंना लिहिण्याची गरज वाटत नव्हती आणि त्यांच्या मुलाला, मिश्रीलालला, ही पैज म्हणजेच पोरकटपणा वाटत होता. मी शहाद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मोजमाप ठरल्याशिवाय प्रयोगाला हात घालू नये, ही सवय तेवढी अंगात मुरली आहे. म्हणून कागदावर तीन ओळी लिहिल्या. ‘पाण्यावरची वाट’ या चित्रपटाच्या शेवटी नायिका गावात परत येते, असे दाखूबाईंचे म्हणणे. मागवलेल्या डिस्कवर तसे दिसल्यास त्या शहाद्यातच राहतील. न दिसल्यास त्यानंतरच्या सोमवारी मुलाबरोबर सुरतेला जातील. खाली पंच म्हणून मी सही केली: हेमकांत पाटील.

दाखूबाई ऐंशी वर्षांच्या आहेत. आमच्या शेजारच्या घरात, पती गेल्यापासून, एकट्या राहतात. मार्च महिन्यात त्यांच्या हातून दोनदा गॅसचे बटण उघडे राहिले. दुसऱ्या वेळी वास माझ्या ओटीपर्यंत आला आणि सुरतेला फोन मीच केला. मिश्रीलाल आला. आईला घेऊन जाण्याचे त्याच्या मनात होतेच. बोलता बोलता दाखूबाईंनी लग्नानंतर म्हसावदला तंबूत पाहिलेल्या एका चित्रपटाचा शेवट सांगितला. मिश्रीलालने मोबाइलवर त्याची कथा शोधून काढली: नावाड्याची विधवा गावाला कंटाळून नावेत बसते, पलीकडे निघून जाते, समाप्त.

“बघा सर,” तो मला म्हणाला, “आता आठवणीसुद्धा बनवायला लागली.”

“बनावाले मी काय शिनेमावाली शे?” दाखूबाई म्हणाल्या. घरात त्या मारवाडी बोलतात, माझ्यासमोर अहिराणी. “ती परत येस. मी देखेल शे. लाव पैज.”

पैज शक्य झाली याचे कारण योगायोगाचे होते. मुंबईतल्या एका जुन्या चित्रसंस्थेने आपल्या कोठारातले दुर्मिळ चित्रपट विकायला काढले होते. दुकानात ठेवण्याइतकी त्यांना मागणी नव्हती. म्हणून कुणी नाव नोंदवले की त्या एका माणसासाठी एक डिस्क तयार करायची, अशी व्यवस्था होती. मिश्रीलालच्या मुलीने, प्रियलने, सुरतेहून नाव नोंदवले आणि पत्ता माझा दिला, कारण डिस्क चालवायचे यंत्र गल्लीत फक्त माझ्याकडे उरले आहे.

डिस्क यायला अकरा दिवस लागले. ते मला जड गेले. अशा डिस्क कारखान्यात ठशाने छापलेल्या नसतात. रंगद्रव्याच्या पातळ थरावर लेसरने नोंद केलेली असते आणि तो थर उष्णतेने खराब होऊ शकतो. एप्रिल सुरू होता. कुरिअरची गाडी धुळ्याला दोन दिवस उभी आहे, असे समजल्यावर मी वर्तमानपत्र हातात घेई आणि तीच बातमी तीनदा वाची. दाखूबाई रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारत, “उनी का?”

“नाही आली.”

“ती नावमा बशीसन येई ऱ्हायनी वाटस.”

त्या अकरा दिवसांत मी त्यांची जबानी तीन वेळा घेतली, चार-चार दिवसांच्या अंतराने. विसंगती सापडते का ते पाहायचे होते. सापडली नाही. नाव निघून जाते. मग तीच बाई कमरेवर घागर घेऊन काठाकाठाने परत येताना दिसते. तिन्ही वेळा तीन विचित्र तपशील आले. बाईच्या नाकातली चमकी उजवीकडे होती. घागर उजव्या कमरेवर होती. आणि ती काही बोलत होती, पण शब्द ऐकू येत नव्हते; भुंगा गुणगुणावा तसा आवाज येत होता.

“आमनामा डावी बाजूले घालतस,” दाखूबाई म्हणाल्या. “नि घागर भी डावी कमरवर लेतस, उजवा हात मोकळा ऱ्हावाले जोयजे. म्हनीसन ध्यानमा राही गयं.”

माझ्या वहीत मी लिहिले: स्वप्नासारखे वर्णन. ठामपणा हा अचूकपणाचा पुरावा नव्हे. त्याखाली, किंचित संकोचाने, हेही लिहिले की घर सोडायची वेळ आलेल्या स्त्रीला परत येणारी नायिका आठवावी, हे जरा जास्तच सोयीचे आहे.

शनिवारी दुपारी आम्ही तिघांनी चित्रपट पाहिला. डिस्क शाबूत होती. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. दीड तास दाखूबाई पापणी न लववता बसल्या. पुढचा प्रसंग काय ते आधीच सांगत होत्या आणि चुकत नव्हत्या. शेवटी नाव पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत लहान झाली. रिकामे पाणी दिसले. समाप्त.

“शेवटलं रीळ लावा ना मास्तर,” दाखूबाई म्हणाल्या.

“एवढंच आहे.”

“एवढंच कशं?”

“आई,” मिश्रीलाल हळू आवाजात म्हणाला, “पूर्ण आहे ते. संपलं.”

 त्या उठल्या, पदर सारखा केला आणि विचारले, “सोमवारे कितला वाजता निघनं शे?” वाद घातला नाही, याचा मला त्रास झाला. संध्याकाळपर्यंत त्यांनी लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करायला घेतल्या आणि पापडांचा डबा माझ्या सुनेच्या, नूतनच्या, हातात दिला. नूतनने तो आणून माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

नियमाप्रमाणे निकाल लागला होता. तरी रविवारी सकाळी मी ओटीवर येरझारा घालत होतो. मला छळत होते ते तीन तपशील. आधीचा दीड तास बाईंना अचूक आठवत होता आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एकदम तीन चुका, त्याही सोयीशी काही संबंध नसलेल्या. परत येणारी बाई रचायची तर तिची चमकी उजवीकडे कशाला न्यायची? मी प्रश्न उलटा विचारून पाहिला: तिन्ही गोष्टी घडवील असे एकच कारण असू शकते का?

होते. जुन्या चित्रफितीवर चित्रांच्या एका कडेला आवाजाची अरुंद पट्टी असते. फितीचा तुकडा पालथा घातला, तर चित्र आरशातल्यासारखे दिसते. डावी चमकी उजवीकडे, डावी घागर उजवीकडे. आणि पट्टी दुसऱ्या कडेला गेल्यामुळे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागापुढून चित्रांच्या कडा जाऊ लागतात, सेकंदाला चोवीस. त्यातून शब्द निघत नाहीत, घूं असा आवाज निघतो. ज्या बाईने आयुष्यात फीत हातात धरलेली नाही, तिच्या कल्पनेत हे तीन परिणाम एकत्र येण्याची शक्यता नगण्य होती. दाखूबाईंनी काहीतरी खरोखर पाहिले होते.

मी भिंतीपाशी जाऊन विचारले, तो तंबू कोण चालवत असे. “तंबू भुसावळवालाना. यंत्रवर आपला गावना दोधू,” त्या म्हणाल्या. “जित्ता शे अजून. मोटारी भरस.”

दहाच्या एसटीने मी म्हसावदला गेलो. दोधू पंचाहत्तरीच्या पुढचा, कानाने शाबूत, विहिरीच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होता. मी चित्रपटाचे नाव सांगितले. तो हसू लागला.

“पन्नास वरीसनी तपासनी कराले उनात का मास्तर? मालक ते कधळना मरी गया.”

“तुकडा तुम्ही जोडला?”

“मीच. करसू काय? तंबूवाला रीळ खातस, हाई सर्वासले मालूम व्हतं. लवकर खेळ आटपाडाले एखादं रीळ दाबी देवानं. मागला गावले बाया उठेतच नही. म्हनेत, शेवटलं रीळ खादं तुम्ही, बाई परत येवाशिवाय घर जाव नही. आते जे रीळच नही, ते दाखाडू कोठून? दगड उनात, दगड!”

“मग?”

“मंग म्हसावदले येवाना पहिले तिसरा रीळमातून तुकडा काढा. बाई घागर लीसन जास, तो. सिधा जोडा ते बाई अजून जाईच ऱ्हायनी असं दिसे. म्हनीसन पालथा करा. बाई परत उनी, लोके उठनात, मालक खुश.”

“आवाज गेला ना पण.”

“गया. भुन्न करे. पन रडी ऱ्हायन्यात त्या बायासले आवाज कोठे आयकू येस?” त्याने तारेचा वेढा घट्ट ओढला. “पुढला गावले परत सिधा करी दिना. म्हसावदनी बाई तेवढी परत उनी.”

दुपारी मी मिश्रीलालला बोलावले. कपाटाचा आरसा काढून त्याच्या हातात दिला आणि दाखूबाईंना टीव्हीकडे पाठ करून बसवले. डिस्कवर तो प्रसंग चोविसाव्या मिनिटाला आहे: बाई पडद्याच्या डावीकडून उजवीकडे, नदीकडे जाते, वाटेत कुणाला तरी काही म्हणते. मी आवाज बंद केला.

“जरा वर धर,” मी म्हणालो.

“बारावीला आरशाचाच प्रश्न चुकला होता, सर,” मिश्रीलाल पुटपुटला.

आरशात बाई उजवीकडून डावीकडे चालू लागली. दाखूबाई पुढे झुकल्या. त्यांचा हात नकळत स्वतःच्या नाकाशी गेला.

“हाई,” त्या म्हणाल्या. “हाईच. परत लावा.”

मी चार वेळा लावले. चौथ्या वेळी मिश्रीलालने आरसा भिंतीला टेकवला आणि आईच्या शेजारी बसून स्वतः त्यात पाहिले. मी दोधूचे बोलणे सांगितले. मग पैजेचा कागद काढला आणि पंच म्हणून जे सांगायला हवे होते ते सांगितले: मी प्रमाण चुकीचे निवडले. डिस्कवर मुंबईचा चित्रपट होता; साक्ष म्हसावदच्या खेळाची होती. निकाल रद्द.

“म्हंजे मी जिकनू,” दाखूबाई म्हणाल्या.

मिश्रीलाल कागदाकडे पाहत होता. “आईची आठवण खरी. मानलं,” तो म्हणाला. “आणि गॅस?”

इथे गप्प बसणे सोपे होते. बाईंच्या चेहऱ्यावर काल गेलेला उजेड परत आला होता आणि तो मीच आणला होता. पण म्हातारपणी जुन्या गोष्टी शेवटपर्यंत टिकतात आणि कालच्या आधी जातात, हे मला ठाऊक होते. अट लिहितानाही ठाऊक होते. विचार केला नव्हता, इतकेच.

“या चित्रपटावरून गॅसबद्दल काहीच ठरत नाही,” मी म्हणालो. “त्या जिंकल्या असत्या तरी नाही, हरल्या असत्या तरी नाही. ही परीक्षाच घ्यायला नको होती.”

दाखूबाईंनी माझ्याकडे पाहिले. “मास्तर, तुम्ही कोना बाजूना शेतस?”



 मिश्रीलालने काही बोलायला तोंड उघडले, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“पैलांदा फोन उना व्हता. प्रियलना. बोलता बोलता राही गयं, ते मले याद शे. दुसरांदा बटन मी कवय फिरावं, कवय सोडं, मले काहीच याद नही. मास्तरनी येईसन सांगं तवय समजनं.”

हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितले नव्हते. मिश्रीलालचा आवाज बदलला. “मग चल ना आई.”

“मी येवाव नही. शेगडी ली जा.”

“अगं, जेवशील काय?”

“प्रियलनी धाडेल विजेनी शेगडी माळावर शे. खोकं भी फोडेल नही. ती काढी दे. तिले मी इसरनू ते ती सोता बंद व्हस, असं तीच सांगे.”

“त्यावर फुलके होत नाहीत म्हणून तू वर्षभर…”

“मले मालूम शे काय व्हत नही ते.”

मिश्रीलालने ‘दिवाळीपर्यंत बघू’ असे म्हटले. दाखूबाईंनी दिवाळी हा शब्द ऐकलाच नाही असे दाखवले. माळ्यावर तोच चढला.

सोमवारी तो एकटा गेला. गॅसची शेगडी गाडीच्या डिकीत, सिलिंडर आमच्याकडे. दाखूबाई सूर्यास्तापूर्वी जेवतात. साडेपाचला भिंतीपलीकडून हाक आली. त्या विजेच्या शेगडीपुढे उभ्या होत्या आणि फडक्याने फुलक्याच्या कडा दाबत होत्या. फुलका एका बाजूने जरा उचलला आणि बसला.

“काय म्हनस तुमनं शास्तर?”

तवा तळाशीच तापतो, मी सांगितले. ज्योत नसल्यामुळे कडेपर्यंत उष्णता पोचत नाही.

“म्हंजे चपटाच खावाना आते?”

“बहुधा.”

त्यांनी तो ताटात टाकला. तूप लावले. दुसरा लाटायला घेतला, तो पहिल्यापेक्षा पातळ होता. मी शेगडीवरचा लाल आकडा पाहत दारातच उभा राहिलो.

“बसा ना,” त्या म्हणाल्या. “का तपासाले उनात?”

“दोन्ही,” मी म्हणालो आणि बसलो.