पावलांवरची ऊब

पौषातली दुपार. कोवळी, केशरी, किंचित आळसावलेली. निफाडच्या द्राक्षबागांवरून धुक्याचा शेवटचा पदर केव्हाच सरकला होता. तरी उन्हालाही शाल पांघरावीशी वाटावी, असा वारा अंगणातून हिंडत होता.

अशा थंडीत लीलाबाईंच्या घरी टीव्हीवर बर्फ पडत होता.

शुभ्र, निःशब्द, दिगंतापर्यंत पसरलेलं हिम. त्या हिमावर हजारो कृष्णधवल पेंग्विन; लग्नघरी वेळेआधी पोचलेल्या आणि आता बसावं कुठं हे न सुचलेल्या वऱ्हाडासारखे.

आणि समोर खुर्चीच्या कडेवर, तितकाच अवघडून बसलेला सुयोग. या घरचा जावई.

लेक बाळंतपणाला माहेरी आली, की तिचा नवरा तिथं पाहुणा. त्याला शिरा मिळतो, चहा मिळतो, पाठीला उशी मिळते. बोलायला विषय तेवढा मिळत नाही. म्हणून तर लीलाबाईंनी लहानथोरांनी मिळून पाहावा असा हा पेंग्विनांचा माहितीपट लावून दिला होता.

आतल्या उंबऱ्याशी, ओव्याच्या धुराच्या निळसर वलयात, हर्षदा बसली होती. मांडीवर वीस दिवसांची लेक. दिवसांआधीच आलेली, जेमतेम दोन किलोंची, चंद्रकोरीहून कृश. दवाखान्यात सुयोगनं तिला काचेतून पाहिलं होतं. आज पहिल्यांदा मध्ये काच नव्हती.

"घ्या की, जावईबापू," लीलाबाई सकाळीच म्हणाल्या होत्या.

"राहू द्या. झोपलीय."

लेक टक्क जागी होती.

जेवणानंतर त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हा तो म्हणाला, "काल बागेला औषध मारलंय. हाताला वास आहे." ते हात त्यानं आल्यापासून तीनदा साबणानं धुतले होते.

मुलगी झाली म्हणून तर नव्हे? दोघींच्या पापण्यांआड तो एकच प्रश्न ओल्या सरपणासारखा धुमसत होता; पेटत नव्हता, विझत नव्हता. पाचच्या एसटीनं सुयोग जाणार. मग येणार तो थेट सव्वा महिन्याच्या बारशालाच. तोवर हर्षदानं एका कुशीला लेक आणि दुसऱ्या कुशीला हा प्रश्न घेऊन निजायचं?

टीव्हीवर हिमवारा घोंगावला. मादीनं एकच अंडं घातलं होतं. आता ते बापाच्या पावलांवर सोपवून तिला दूर समुद्राकडे जायचं होतं. बर्फाला जरा जास्त वेळ टेकलं, की आतला जीव गोठला.

"दोन महिने नुसता उभा राहायचा म्हणे हा बाप. पोटात अन्नाचा कण नाही," लीलाबाई म्हणाल्या. "आमच्याकडच्यांना एक चतुर्थी निभत नाही!"

एक नवखं जोडपं पुढं सरकलं. मानेला मान झुकली, पावलाशी पाऊल आलं. आणि अंडं निसटलं. घरंगळलं. शुभ्रावर शुभ्र, एकाकी.

"अरे धर! धर ना!"

सुयोग खुर्चीतून उभाच राहिला होता.

तो कोवळा बाप चाचपडला, अडखळला, चोचीनं अंडं ओढू लागला. सुटलं. पुन्हा ओढलं. आणि आलं, पावलांवर चढलं, पोटाच्या उबदार घडीत दिसेनासं झालं.

सुयोग उभाच. कपाळावर, ऐन पौषात, घाम.

"मला भीती वाटते," टीव्हीकडेच बघत तो म्हणाला. "द्राक्षांच्या घडातले जादा मणी काढताना कितीही जपलं, तरी चिमटीत एखादा चांगला मणी फुटतो. आणि ही तर..."

हर्षदानं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं.

"अहो, मग सकाळीच सांगायचं नाही?" हर्षदाचा आवाज हसता हसता ओला झाला. "मला वाटलं, मुलगी म्हणून..."

"वेडी आहेस का तू!"

इतक्या मोठ्यानं, की लेक दचकली. इतक्या मोठ्यानं, की लीलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि लगेच हुकूम सोडला. "हातच नका लावू. खाली बसा. भिंतीला टेका, पाय पसरा. जुळवून घ्या. माझी सगळी नातवंडं मी अशाच पायांवर न्हाऊ घातलीत. एक पडलं नाही आजवर."

सुयोगनं पाय पसरले. हर्षदा त्याच्या पायांशी गुडघ्यांवर बसली. मऊ दुपट्यातली लेक तिनं हलकेच त्याच्या नडग्यांवर उतरवली. डोकं पावलांकडे, इवल्या टाचा बापाकडे. आणि अलगद, अगदी अलगद, स्वतःचे हात काढून घेतले.

दोन किलोंचं भूमंडळ. त्याच्या पायांवर. त्यानं श्वास रोखला. लेकीनं डोळे उघडले. काळेभोर, अथांग, अनोळखी. तिनं बापाकडे पाहिलं, जांभई दिली, आणि निजली.

टीव्हीवर माद्या रांगेनं समुद्राकडे निघाल्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"पाचची गाडी जाईल बरं का," लीलाबाई हसू दाबत म्हणाल्या.

"जाऊ दे. सातची आहे."

पायांना मुंग्या आल्या. पाय हलले नाहीत. फक्त लेकीच्या डोक्यामागची ती दोन पावलं, कुणी न सांगता, हळूहळू एकमेकांकडे झुकली. अंगठ्याला अंगठा टेकला. आणि त्या रापल्या, भेगाळल्या ओंजळीत एक इवलीशी टाळू, श्वासामागून श्वास, उडत राहिली... उडत राहिली.