साडेतीन बोटं आणि भरलेलं टेबल

अनामिका हे एकच बोट असलं तरी दोन नसांनी ते आपसांत वाटून घेतलेलं असतं. करंगळीकडची बाजू एकीची, मधल्या बोटाकडची दुसरीची. व्हर्लिनने कढईतून नुकताच आलेला मासा उजव्या हाताने उचलला तेव्हा त्याची करंगळी झटकन बाजूला झाली, अनामिका जेमतेम कलली आणि अंगठ्यासकट उरलेली बोटं त्या चरचरत्या कवचावर निवांत टेकून राहिली.

"भाजेल," मी म्हटलं.

"काय भाजेल?"

"हात, व्हर्लिन."

त्याने बोटांकडे असं पाहिलं, जणू ती शेजारच्या टेबलावरच्या कुणाची तरी होती. मग मासा खाली ठेवून म्हणाला, "मास्तरीणबाई, शुक्रवारी तरी शाळा नको."

मी आमच्या गावच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले तरी व्हर्लिन मला मास्तरीणबाईच म्हणतो. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, लॉर्नाचा नवरा. दिवसभर चीजच्या कारखान्यात घट्ट दह्याच्या लाद्या कापतो आणि शुक्रवारी संध्याकाळी होलूबच्या बारमध्ये मासे खाऊन झाले की कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अ‍ॅकॉर्डियन वाजवतो. विस्कॉन्सिनच्या या भागात शुक्रवारी मासा आणि पोल्काचा नाच नसेल तर लोक शनिवार उजाडूच देणार नाहीत. तो वाजवतो, माणसं नाचतात, होलूब पेले भरतो. आमच्या गावाचं असं चाललेलं असतं.

गेली काही वर्षं मात्र तो सूर चुकवत होता. मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस चिणली गेली होती. अंगठ्याच्या बुडाशी जी मांसल गादी असते, ती उतरणीला लागली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की बोगद्याचं छत कापून नस मोकळी करा. उशीर केलात तर नस मरेल आणि मग कापूनही उपयोग नाही. याचा अर्थ अ‍ॅकॉर्डियन पेटीत जाणार आणि पेटी माळ्यावर.

आणि व्हर्लिन ऑपरेशन टाळत होता. भीती वाटते असं तो कधीच म्हणाला नाही. तो विम्याचे शब्द वापरायचा. जानेवारीत म्हणायचा, "वजावटीचा हिशेब आत्ताच पुन्हा शून्यावर आलाय, सगळं खिशातून जाईल." वसंतात म्हणायचा, "पूर्वपरवानगी मिळायची नाही." उन्हाळ्यात कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांचं नेटवर्क आडवं यायचं. आणि पानगळीत तो अगदी समंजस चेहरा करायचा. "आता वर्ष संपत आलं. आता वजावट भरायची आणि जानेवारीत ती पुन्हा शून्य? वेडं कुत्रं चावलंय का मला?" लॉर्नाला आणि मला यातलं फारसं कळत नसल्यामुळे आम्ही गप्प बसायचो. त्यालाही कळत नव्हतं, पण तो ते शब्द इतक्या अधिकाराने उच्चारायचा की ऐकणाऱ्याला आपलंच अज्ञान जाणवावं.

यंदा मी ते सगळे शब्द शिकून घेतले होते. बेडकाचं रक्ताभिसरण ज्या चिकाटीने शिकले होते, त्याच चिकाटीने.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारची ही गोष्ट. दार धाडकन उघडलं आणि लॉर्ना आत आली. तिची टोपी एका कानावर होती आणि नव्या गुडघ्यावर ती चक्क उड्या मारत होती. तो गुडघा तिला एप्रिलमध्ये बसवला होता.

"थिया! व्हर्लिन! मी विमा कंपनीला फोन केला! भरली! आपली मर्यादा भरली!"

"कुठली मर्यादा?" व्हर्लिनने सावधपणे विचारलं.

"घरातल्या सगळ्यांची! माझा गुडघा आणि आपल्या कर्टिसचं अपेंडिक्स! ती बाई म्हणाली, आता वर्षअखेरपर्यंत तुम्ही काहीही करून घ्या, पैसा लागणार नाही. मी तिला विचारलं, काहीही? ती म्हणाली, योजनेत बसणारं काहीही. मी डोळ्यांची वेळ घेतली, पाठीवरच्या तिळांची घेतली, झोपेत घोरतोस त्याची तुझ्यासाठी घेतली—"

"मी घोरत नाही."

"अख्खा बार साक्षीला आहे," काउंटरमागून होलूब म्हणाला. "गेल्या नाताळात तू इथेच झोपला होतास."

होलूबच्या काउंटरवर पितळेची एक घंटा आहे. कुणी सगळ्यांना पेला पाजणार असेल तेव्हा ती वाजते. लॉर्नाने ती खणखणून वाजवली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोपर्यंत लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ब्रँडीचे गोड पेले फिरू लागले.

"थांबा," व्हर्लिन म्हणाला. "भरली ती लॉर्नाची आणि पोराची. मी या वर्षी डॉक्टरचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही, ती एक नसांची तपासणी सोडली तर. माझं खातं कोरंच आहे. माझी वजावट पहिल्यापासून सुरू. बिचारा मी."

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की समोरची मेणबत्ती विझली.

मी माझी थाळी पुढे ओढली. "हे टेबल म्हणजे आपलं घर समज. होलूब म्हणजे विमा कंपनी."

"बढती मिळाली," होलूब म्हणाला.

"इथे बसायला मिळावं म्हणून आपण दर महिन्याला होलूबला काहीतरी देतो. खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. तो हप्ता. आता बसल्यावर पहिले काही मासे पूर्ण आपल्या पैशाने खायचे. ती वजावट. तेवढे खाऊन झाले की पुढच्या प्रत्येक माशाचा मोठा तुकडा होलूब देतो आणि छोटा आपण. तो आपला सहभाग." मी एका माशाचे दोन तुकडे करून दाखवले. "आणि आपल्या खिशातून अमुक इतकं गेलं की होलूब म्हणतो, बस्स, आता वर्ष संपेपर्यंत खा, पैसे मी भरतो. ती कमाल मर्यादा."

"अशी दुकानदारी मी केली तर बुडेन," होलूब म्हणाला.

"पण माझ्या थाळीत कुठे काय पडलंय?" व्हर्लिनने रिकामी थाळी वर करून लोकांना दाखवली. दोन-तीन जण हळहळलेही.

"मर्यादा दोन असतात. एक प्रत्येक थाळीची आणि एक अख्ख्या टेबलाची. लॉर्ना आणि कर्टिसने मिळून टेबलाची भरली. टेबल भरलं की ज्याने घासही खाल्लेला नाही, तोही फुकट खातो."

होलूबने आपणहून घंटा वाजवली. "व्हर्लिनचा एक शब्द पडला!"

आता लोकांना चेव चढला. खुर्च्या आमच्या टेबलाकडे सरकल्या.

"नेटवर्क!" व्हर्लिन ओरडला. "डॉक्टर नेटवर्कातला असेल, पण भूल देणारा बाहेरचा निघाला तर? अशाने माणसं रस्त्यावर येतात!"

"होलूबच्या स्वयंपाकघरातलं तेच होलूबच्या दराने, हे खरं," मी म्हटलं. "पण भूल देणारा लागतोच कशाला—"

"लागत नाही," मागून आवाज आला.

मागच्या टेबलावर डॉक्टर ग्रेटा लिंडाल बटाट्याची धिरडी खात बसली होती. जिल्ह्यात हातांची ऑपरेशनं तीच करते. हायस्कुलात माझी विद्यार्थिनी होती आणि बेडूक कापायच्या तासाला पहिल्याच मिनिटाला चक्कर येऊन पडली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती मांस खात नाही, मासाही नाही. शुक्रवारी ती पोल्कासाठी येते.

"मनगटात सुई मीच मारते, तेवढीच जागा बधिर करते," ती म्हणाली. "तू जागाच राहतोस. हवं तर गा."

"देवा, नको!" कुणीतरी म्हणालं. घंटा वाजली.

"पूर्वपरवानगी!" व्हर्लिनचा चेहरा लाल झाला होता. "कंपनीवाले विचारणार, खरंच गरज आहे का? नाही म्हणतील!"

"तपासणीत नस अर्धमेली दिसतेय, त्यावर कोण नाही म्हणेल? मी सोमवारी विचारते. आठवडाभरात उत्तर येईल," ग्रेटा म्हणाली. घंटा. लॉर्नाने ग्रेटाच्या गालाचा मुका घेतला. कोपऱ्यातले म्हातारे टेबल बडवून "अजून! अजून!" करू लागले. मी आयुष्यात अनेक वर्ग शिकवले, पण विषयावर इतकं प्रेम करणारा एकही नव्हता.

"दुसरं मत!" व्हर्लिन म्हणाला. "दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा माझा हक्क आहे."

"घेतलंयस ना तू," लॉर्ना म्हणाली. "तिसरंही घेतलंयस. तिघंही तेच म्हणाले. चौथा गुरांचा डॉक्टर होता, तोसुद्धा तेच म्हणाला."

इतक्या लोकांना एकदम हसताना मी त्या खोलीत पाहिलं नव्हतं. व्हर्लिन स्वतःही हसला. पण त्याची बोटं मांडीवर एकमेकांना चोळत होती, ते मला दिसलं.

"बरं," तो शांतपणे म्हणाला. "वेळ कधीची आहे?"

ग्रेटाने फोन काढला. तिची भुवई वर गेली. "वर्षअखेर आहे. मर्यादा भरलेले सगळेच घाईत आहेत. डिसेंबर पूर्ण गेला. या महिन्यात मोकळा आहे तो फक्त..." ती थांबली. "हरणांचा आठवडा. सोमवार."

बारमधले सगळे पेले जागच्या जागी थांबले. कढईतलं तेलसुद्धा ऐकू येऊ लागलं.

शिकारीच्या त्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यात लग्नं होत नाहीत. माणूस मेला तरी त्याला थोडं थांबायला सांगतात. दवाखान्यात शुकशुकाट असतो, कारण निम्मे रुग्ण आणि निम्मे डॉक्टर बंदुका घेऊन झाडांवर बसलेले असतात. ग्रेटा तेवढी खाली असते.

व्हर्लिनच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं. "हरणांचा आठवडा," तो गोड आवाजात म्हणाला. "अरेरे. मी तर तयार होतो, लॉर्ना. पण हरणांचा आठवडा म्हटल्यावर... सांगा रे हिला."

त्याने शिकारीच्या मित्रांकडे पाहिलं. ते सगळे आपापल्या पेल्यात पाहत होते.

"सांगा ना!"

होलूब खाकरला. "व्हर्लिन, राग मानू नकोस. गेल्या वर्षी चाप ओढला गेलाय, हे गोळी सुटल्यावर तुला कळलं. माझा थर्मास गेला."

"मी तुला नवा घेऊन दिला!"

"दिलास. चांगला आहे. पण थर्मास माझ्या हातात होता रे."

"आणि यंदा," दुसरा म्हणाला, "आम्ही तुझ्यासाठी जे झाड ठरवलंय ना, नदीपलीकडचं... तिथे हरणं येत नाहीत. कधीच येत नाहीत."

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यात भारी जागा आहे!"

"आमच्यासाठी," होलूब म्हणाला.

पहिलं कोण फुटलं माहीत नाही, पण मग कुणालाच आवरेना. लॉर्ना हसता हसता बाकावरून घसरली. होलूबने डोळे पुसायला काउंटरचं फडकं घेतलं आणि मग घंटेची दोरी ओढली. शेवटचा शब्द पडला होता.

व्हर्लिन उठला. आम्हाला वाटलं, रागावला. पण तो कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला, अ‍ॅकॉर्डियन छातीशी घेतलं आणि सुरुवात केली. लॉर्नाच्या लग्नात वाजवला होता तोच पोल्का. लोक हसतच उठले, जोड्या जमल्या, नवा गुडघा सगळ्यांत पुढे. डाव्या हाताचा ठेका पक्का होता. उजवा हात पहिली फेरी कसाबसा पार करून गेला. दुसऱ्या फेरीत बोटं पट्ट्यांवर होती, पण कुठल्या पट्ट्यांवर, ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तो खाली वाकून स्वतःची बोटं शोधायला लागला. सूर एकेक करून गळत गेला आणि शेवटी नुसता ठेका उरला. लोक त्या ठेक्यावरही नाचत राहिले. त्याला एकटं पाडायचं नाही म्हणून.

मग ठेकाही थांबला. भाता हळूच मिटला.

"आणि बोटं परत आलीच नाहीत तर?" तो म्हणाला. विम्याचा शब्द नसलेलं वाक्य मी त्याच्याकडून या विषयावर पहिल्यांदा ऐकलं. "आत्ता थोडं तरी वाजतं. डावा हात आहे. कापलं, आणि एवढंही राहिलं नाही तर मी शुक्रवारी काय करू?"

लॉर्ना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिने त्याचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला.

ग्रेटा धिरड्याची थाळी बाजूला सारून आली. "सगळं परत येईल असं वचन देत नाही. बहुतेक बरंच येईल. नाही कापलं, तर जाईल हे मात्र नक्की. तू हे तीन डॉक्टरांकडून आणि एका गुरांच्या डॉक्टरकडून ऐकलंयस."

"तू बेडकाला बघून पडली होतीस," व्हर्लिन म्हणाला. आवाजात अजून थोडा खोडसाळपणा उरला होता.

"पडले होते. सगळे कापायला बसले आणि त्या बेडकाला कुणी विचारलंच नाही. मला ते सहन झालं नाही." तिने हात पुढे केला. "मी विचारल्याशिवाय कुणालाच कापत नाही. कंपनीला सोमवारी विचारीन. तुला आत्ता विचारते."

होलूबने घंटेची दोरी धरून ठेवली होती, पण ओढली नाही. व्हर्लिनने अ‍ॅकॉर्डियनच्या पट्ट्या एकदा डाव्या हाताने पुसल्या, मग उजवा हात लॉर्नाच्या हातातून अलगद सोडवून ग्रेटाच्या तळव्यावर ठेवला.

"कर ऑपरेशन," तो म्हणाला. "हरणांच्या सोमवारी."