नरो वा मांजरो वा

आत्या फ्रीजवर चढून बसल्या होत्या आणि काही केल्या खाली उतरायला तयार नव्हत्या. आसावरी स्टुलावर उभी राहून त्यांची मनधरणी करत होती. तिच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात हेडफोन, आणि ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला चार मिनिटं उरली होती.

"आत्या, या बरं खाली. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. तुम्ही जेवल्याशिवाय नाना कुणाला जेवू द्यायचे नाहीत."

आत्यांनी आपला एकुलता एक डोळा मिटून घेतला.

आत्या म्हणजे करड्या रंगाची एक वयस्कर मांजर. तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा आसावरीच्या नवऱ्याने, श्रीरंगने, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ही तर हुबेहूब माझी संगमनेरची आत्या, लग्नात मानाची साडी न मिळालेली. नाव पडलं. आता आत्या म्हटल्यावर 'ये गं, जा गं' म्हणायला जीभ कशी वळणार? अहो-जाहो आपोआप आलं. मग बंगळूरच्या यशवंतपूर बाजारात कांद्याच्या गोणीत सापडलेला तीन पायांचा बोका आला. तो दारात आडवा बसून, कोण कुठे चाललंय याची चौकशी केल्याखेरीज कुणाला बाहेर सोडत नसे, म्हणून ते नाना. काकू जोडीतला एकच मोजा पळवून वॉशिंग मशीनमागे साठवत. आणि नाल्यातून काढलेले पंत, कुणी आंघोळीला गेलं की बाथरूमच्या दाराशी बसून आक्रोश करत. पाण्यात गेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

हे सगळं छान होतं. फक्त घराच्या करारात जनावरं पाळायची नाहीत असं एक कलम होतं. दहा घरं बघताना दोघांनी मांजरांचं खरं सांगितलं होतं आणि दहाही ठिकाणी नकार ऐकला होता. अकराव्या घरी दोघं गप्प बसली. भर दुपारी, घरमालकीण झोपलेली असताना, चौघांना शालीखाली झाकून वर नेलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजरांच्या माणसांनीही डोळे मिटले होते.

आत्या उतरल्या नाहीतच. तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"आसावरी, जरा बाहेर ये की."

घरमालकीण गंगव्वा तळमजल्यावर एकट्या राहायच्या. त्या निपाणीकडच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्याला पंचावन्न वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा. इतक्या वर्षांत मुलगा सोडला तर मराठी बोलायला दारात कुणी नव्हतं, म्हणून पुण्याची जोडी घर बघायला आली तेव्हा पाच मिनिटांत त्यांनी किल्ली काढून दिली होती. गुडघ्यांमुळे त्यांना जिना पुरता चढता यायचा नाही. अर्ध्यावर येऊन कठडा धरून त्या उभ्या होत्या.

"किती दिवस झाले ऐकालीय मी," त्या म्हणाल्या. "वर कोण कोण हाय, खरं सांग."

आसावरीच्या पाचावर धारण बसली. अकरावं घरही गेलं. तिने मान खाली घातली.

"चौघं आहेत, अज्जी. आत्या, नाना, काकू आणि पंत."

गंगव्वांचा आवाज आला तो रागाचा नव्हता, चांगलाच दुखावलेला होता.

"चार-चार म्हातारी माणसं आणलीस, आणि खालच्या म्हातारीला सांगावंसं नाही वाटलं होय गं तुला?"

आसावरीने वर बघितलं. खरं सांगायला तिने तोंड उघडलंही. पण आत लॅपटॉप वाजायला लागला, आणि "येते हं अज्जी, मीटिंग आहे," म्हणून ती पळाली. पुढचे तीन आठवडे तिची ती मीटिंग संपलीच नाही.

त्या दिवसापासून खालून डबे यायला लागले. म्हाताऱ्या माणसांना दात नसतात, म्हणून मऊ भात, पातळ सारू, दुधातली शेवई. ते सगळं श्रीरंगच्या पोटात जाऊ लागलं आणि त्याच्या दोन पँट बसेनाशा झाल्या. तो म्हणायचा, सांगून टाक एकदाचं. आसावरी म्हणायची, मी खोटं कुठे बोललेय? आणि ते खरंही होतं. धर्मराजाने निदान कुंजर शब्द हळू तरी उच्चारला होता. ही तर मांजर हा शब्द सोडून सगळं मोठ्याने सांगायची. आत्या दिवसभर झोपतात का? झोपतात, सोळा-सोळा तास. रात्री? रात्री फिरतात. काकूंचं काय? मोजे लपवतात. गंगव्वा हळहळायच्या, म्हणायच्या, वय झालं की असंच होतं, माझी सासू चमचे लपवायची. नानांना ऐकू येतं ना नीट, असं त्यांनी एकदा विचारलं. ऐकू येतं, आसावरी म्हणाली, पण ऐकत नाहीत. त्यावर गंगव्वा इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरून बसावं लागलं.

आपल्यावर कुणी इतकी माया करावी आणि आपण त्याला असं फसवावं, याची आसावरीला लाज वाटायला लागली होती. रोज उद्या सांगू असं ती ठरवायची.

मग एका शुक्रवारी गंगव्वांनी तिला खाली बोलावलं. त्या पायरीवर अवरेकाळूच्या, म्हणजे वालासारख्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. दयानंदने, त्यांच्या मुलाने, शहराबाहेर एक म्हाताऱ्यांची सोय बघितली आहे असं त्या सांगू लागल्या. दयानंदचा बोम्मसंद्र्याला कारखाना होता, तो राहायचाही तिकडेच. इथे आई एकटी, पडली-झडली तर कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. तिथे डॉक्टर असतो, बाग असते. आणि हे घर पाडून इथे फ्लॅट उठवायचे.

"मी त्याला म्हटलं," गंगव्वा एक शेंग हातात तशीच धरून म्हणाल्या, "वरच्या पोरांकडं बघ. दोघं नोकरीला. स्वतःचे आई-बाप पण नव्हेत, आत्या आन् काकू. किती मानानं बोलतात त्यांच्याशी. दोन खोल्यांत चार म्हातारी मावली, तुझ्या एवढ्या घरात एक आई मावंना होय? तर म्हणतो, अव्वा, असली माणसं आता नसतात. म्हटलं, रविवारी ये आन् बघून जा."

शेंग सोलली गेली, दाणे ताटात पडले.

"तू काय करू नकोस. फक्त त्यास्नी बाहेरच्या खोलीत बसव. बाकी त्याचं त्याला कळंल."

आसावरी वर आली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. आता खरं सांगितलं तर घर जाणार, ते जायचंच होतं. पण गंगव्वांची बाजूच कोसळणार. मुलाला दाखवायला त्या बिचारीकडे एवढा एकच दाखला, आणि तो शेपटीवाला निघावा. श्रीरंगने सुचवलं की महाराष्ट्र मंडळातून चार ज्येष्ठ नागरिक दोन तासांसाठी मागून आणू. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, नानांनीसुद्धा नाही.

शनिवारी ती धीर करून खाली गेली. गंगव्वा मुलाच्या आवडीचे लाडू वळत होत्या आणि गुणगुणत होत्या. ती एक लाडू खाऊन परत आली.

रविवारी अकरा वाजता दयानंद आला. पन्नाशीचा, थकलेल्या चेहऱ्याचा, व्यवस्थित भांग पाडलेला माणूस. त्याने दाराबाहेर बूट काढले. एका हातात केळ्यांचा घड होता, दुसऱ्या हातात निळी फाइल. म्हाताऱ्या माणसांकडे मोकळ्या हातांनी जायचं नाही, हे त्याला कुणीतरी नीट शिकवलेलं होतं. आत येऊन त्याने खोलीभर नजर फिरवली, आणि हात जोडायला केळी कुठे ठेवावीत ते बघू लागला.

"मोठी माणसं आत आहेत का?"

"नाही," आसावरी म्हणाली. "हीच."

सोफ्यावर चौघं ओळीने बसली होती. ती जन्मात कधी अशी ओळीने बसली नव्हती.

"या आत्या. हे नाना. काकू, आणि ते पंत."

दयानंद उभाच राहिला. त्याने आधी हसू आवरलं, मग ते मावळलंच. फाइल टीपॉयवर ठेवून तो समोरच्या खुर्चीत बसला आणि केळी मांडीवर घेतली.

"अव्वाला माहीत आहे?"

"नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा आम्ही घर सोडतो. पण त्यांना हे सांगू नका. चूक आमची आहे, त्यांची नाही."

आत्या सोफ्यावरून उतरल्या, दयानंदच्या पायमोज्यांचा वास घेऊन पाठ फिरवून बसल्या.

"आत्या, पाहुणे आहेत, असं करू नये," आसावरी सवयीने म्हणाली आणि ओशाळली.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?"

"कोरमंगल्याला, पीजीत. तिच्या मालकाची बदली झाली. अकरा वर्षं सांभाळलं होतं त्याने. जाताना महिनाभराचं खाणं ठेवून गेला, पाण्याचं भांडं, मऊ गादी. सगळी सोय करून गेला." आसावरीने आत्यांच्या पाठीकडे बघितलं. "ती महिनाभर दाराकडे तोंड करून बसून होती. गादीला शिवली नाही."

तिच्या मनात काही टोमणा नव्हता. तिने जे घडलं ते सांगितलं होतं. पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली. श्रीरंग स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता, तो पुढे यायला धजला नाही.

दयानंद केळ्याचं देठ खुडत राहिला. तेवढ्यात नाना उठले, तीन पायांवर तोल सांभाळत टीपॉयवर चढले आणि निळ्या फाइलवर ऐसपैस बसले. कागद दिसला की त्यावर बसायचं, हा त्यांचा धर्म. फाइलमधून वृद्धाश्रमाचा फॉर्म अर्धा बाहेर आला होता. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केलेली आसावरीला दिसली. ती नानांना उचलायला पुढे झाली.

"असू द्या," दयानंद म्हणाला. "बसलेत ते, बसू द्या त्यांना."

आपण बोक्याला 'ते' म्हणालो, हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो जरा थबकला. मग त्याने केळी फाइलशेजारी ठेवली आणि फाइल नानांखालीच सोडून, चहा न घेताच उठला. दाराशी वाकून बूट घालू लागला. एका बुटाची नाडी त्याने दोनदा बांधली.

खालून गंगव्वांची हाक आली.

"दयानंदा, भेटला काय रे समद्यास्नी?"

आसावरीने श्रीरंगचा हात धरला. दयानंद जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता, तिच्याकडे पाठ करून.

"भेटलो, अव्वा," तो म्हणाला. "बरे आहेत सगळे."

तो उतरायला लागला, दोन पायऱ्या उतरून थांबला.

"आत्या विचारतायत, तू जेवलीस काय म्हणून."

खालून आवाज आला, हळू, पण वरपर्यंत स्पष्ट ऐकू जाईल असा.

"कोण विचारालंय? आत्या, का तू?"

दयानंदने कठडा धरला.

"मी, अव्वा," तो म्हणाला. "मी विचारतोय."