ओटीवरचा झोपाळा आणि फोटोतला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना सागवानी झोपाळा आहे. डहाणूजवळ कोसबाडला, शांतारामभाऊंच्या ओटीवर मी टांगलेला आहे. तलासरीच्या जिव्या सुताराने मला घडवले आणि माझ्या पितळी कड्या उंबरगावच्या बाजारातून आल्या. त्या आजही कुरकुरत नाहीत. हे मी जरा मिरवून सांगतो, पण मिरवण्यासारखे असल्यावर का मिरवू नये?

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला झोपाळ्यावर बसवतात. प्रभाकाकू तर चिकू घ्यायला आलेल्यालाही आधी माझ्यावर बसवतात, मग पाणी देतात, मग भाव सांगतात. घरातली मुले माझ्यावरच पाढे शिकली. ती नोकरीसाठी दूर गेली आणि माझ्यावर पापड वाळू लागले. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

अशात एक गॉगलवाला चिकू घ्यायला आला. "काकू, झोपाळा एकदम भारी आहे हो!" असे म्हणून त्याने चारी बाजूंनी माझे फोटो काढले. काकूंनी कौतुकाने पापडही बाजूला केले. मीही फुगलो.

त्याने काय केले, ते सुट्टीत कळले. माझ्या फोटोमागे त्याने समुद्र चिकटवला आणि इंटरनेटवर 'समुद्रकाठचा बंगला भाड्याने' अशी जाहिरात दिली. अहो, कोसबाड टेकडीवर! आमच्या ओटीवरून चिकूची वाडी दिसते. पैसे भरलेली मंडळी डहाणू स्टेशनला उतरायची आणि फोन लागेना म्हणून रिक्षावाल्यांना फोटो दाखवायची. लक्ष्या रिक्षावाला मला लहानपणापासून ओळखतो. तो त्यांना थेट आमच्या दारात आणून सोडायचा.

एका गृहस्थाने तर शांतारामभाऊंना तोंडावर चोर म्हटले. सारा जन्म रेल्वेत इमानाने काढलेला माणूस! गावातही कुजबुज सुरू झाली. भाऊंचे जेवणावरचे मन उडाले. शेवटी एका सकाळी ते पाना घेऊन आले.

"याच्यामुळे तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काढतो आणि टाकतो माळ्यावर."

माळ्यावर गेलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही, हे मला ठाऊक आहे.

एका कडीचा नट त्यांनी सैल केला, तेवढ्यात लक्ष्याची रिक्षा थांबली. "भाऊ, आणखी एक पार्टी. फोटोत तुमचाच झोपाळा हाय."

श्रुतिका नावाची तरुणी, तिचा नवरा गौरव आणि गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या तिच्या सासूबाई उतरल्या.

"इथे कुठलाही बंगला नाही. जा परत!" भाऊ ओरडले.

"अहो, त्यांचे पाय बघा आधी. बसू तर द्या," काकू म्हणाल्या.

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि भाऊ दचकले. "थांबा, थांबा, बसू नका!" ते धावले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने नट पुन्हा आवळला. दारी आलेल्या माणसाला सैल झोपाळ्यावर बसवणे त्यांच्या रक्तातच नव्हते.

श्रुतिका रडवेली झाली होती. "काकू, चूक माझीच. आईंना समुद्र दाखवायचा होता. तो जाहिरातवाला म्हणाला, वेबसाइटवरून नको, थेट मला पैसे पाठवा, स्वस्तात देतो. दुसरी पार्टी तयार आहे, आत्ताच ठरवा. मी घाईत पाठवले."

मग तिने डोळे पुसले आणि काकूंचा फोन मागून घेतला. जाहिरातीखाली त्याने आता टाकलेला नवा नंबर स्पीकरवर लावून, नवीन गिऱ्हाईक असल्यासारखी ती बोलू लागली. "बंगला आवडला. व्हिडिओ कॉलवर झोपाळा दाखवता का?"

"मॅडम, झोपाळा पॉलिशला गेलाय," पलीकडून उत्तर आले.

माझ्यावर झोके घेत असलेल्या सासूबाई खो खो हसल्या. गौरवने ते सगळे बोलणे रेकॉर्ड केले. दुपारी भाऊ स्वतः त्यांच्यासोबत डहाणू पोलीस ठाण्यात गेले. वेबसाइटकडेही तक्रार केली आणि काही दिवसांत ती जाहिरात निघाली. श्रुतिकाचे पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत. सासूबाईंनी समुद्र पाहिला तो डहाणूजवळच्या आगरच्या किनाऱ्यावर, लक्ष्याच्या रिक्षातून जाऊन.

त्या संध्याकाळी भाऊ परतले तेव्हा मला पुन्हा धडकी भरली. पाना अजून ओटीवरच पडला होता. त्यांनी तो उचलला, दुसरा नटही घट्ट आवळला आणि कितीतरी वर्षांनी स्वतः माझ्यावर बसले. "प्रभा, चहा इथेच आण," ते म्हणाले.

मित्रांनो, सुट्टीत जरूर फिरा. पण सुंदर फोटोला भुलू नका, स्वस्ताच्या नादी लागून अनोळखी माणसाला थेट पैसे पाठवू नका आणि कुणी घाई केली तर तुम्ही मुद्दाम सावकाश व्हा. फोटोत मी कुठल्याही समुद्रासमोर उभा राहू शकतो. म्हणून पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि एवढेच म्हणा, "तो झोपाळा जरा हलवून दाखवा."