बाहेरच्या बाजूची कडी

मी कडी बोलतेय. हसू नका, अस्सल पितळेची आहे मी! मागच्या घरी मला बघून एक वादळ उंबऱ्यावरूनच माफी मागून परत गेलं होतं. खरं-खोटं विचारू नका.

ते घर पाडलं, तेव्हा एका सुताराने मला दारासकट उचललं आणि आपल्या लेकीच्या खोलीला बसवलं. घाईत दार उलटं लागलं नि मी आले खोलीबाहेर.

"अहो, कडी बाहेर आली की!" बायको म्हणाली.

"असू दे, उद्या फिरवतो."

लोकांची दारं बिनचूक बसवणाऱ्या माणसाचा घरचा 'उद्या' कधी उजाडलाय?

उलट त्यातून खेळ निघाला. लेक आत वाघ व्हायची. बाबा मला सरकवायचा. आतून डरकाळी आली, की "चुकलो, वाघोबा!" म्हणत थरथरत दार उघडायचा. मला वाटायचं, या घराचं हसू माझ्यावरच टांगलंय.

लेकीने शाळेत फुशारकी मारली, "बाबा मला कोंडतो!"

झालं, शाळेतल्या बाईंनी ते वर कळवलं आणि बालकल्याण खात्याच्या चौकशीवाल्या ताई आल्या. वाईट नव्हत्या हो, हळू बोलायच्या. पण माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मलाच माझी शंका यायला लागली. मी राखण करत होते, की आणखी काही?

"कसं कोंडतो, दाखवतेस?"

लेक आनंदाने आत पळाली. "बाबा, कोंड ना!"

बाबाचा हात माझ्यापर्यंत आला आणि थिजला. लावली तर गुन्हा, नाही लावली तर लपवाछपवी. आतून डरकाळी आली. मग दुसरी, बारीक. मग रडणंच. "कोंड ना रे, बाबा!"

चौकशी संपेपर्यंत लेक मावशीकडे राहिली. "तरी मी सांगत होते," असं आई बाबाला म्हणायची आणि स्वतःच रडायची.

शेवटी काहीच निघालं नाही. लेक परत आली. तोवर मी हत्यारांच्या पेटीत जाऊन पडले होते. पेटी त्याच दाराशी असते. फटीतून दिसतं सगळं. बाबा आता तिला उचलून घेतानाही आधी खिडकीकडे बघतो.

ती दारावरच्या माझ्या भोकांत बोट घालत बसते. काल आईला म्हणाली, "मी बोलले म्हणून मला मावशीकडे पाठवलंत?"

"नाही गं, सोन्या," म्हणत आई भांड्यांकडे वळली.

चूक कुणाची, मला तर काही उलगडत नाही. शाळेतल्या बाईंची नाही, ताईंची नाही, लेकीची तर नाहीच नाही.

सुतारदादा, मला हवं तर भंगारात घाल. पण आधी त्या दाराशी जा. खरं घाबरणं पुष्कळ झालं. एकदा खोटं खोटं घाबर. आत वाघ केव्हाचा गप्प बसलाय.