पिवळ्या रुमालावरचं रक्त

"रक्त! रक्त उमटलं!" कुणीतरी ओरडलं आणि आखातातल्या अल थुमामा भागातल्या त्या व्हिलाच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं एकदम गुडघ्यांवर आली. ब्रदर प्रतापच्या हातात ओला पिवळा रुमाल होता आणि त्यावर पाच बोटांचा लालभडक ठसा. ठसा संपत नावाच्या गवंड्याचा. मी तेवढी उभी राहिले. माझे गुडघे चमत्कारापुढे सहसा वाकत नाहीत.

आमची मंडळी छोटी. जालना, नगर, नाशिककडची ख्रिस्ती माणसं. कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर, मी काँक्रीट तपासणाऱ्या लॅबमध्ये. इथला फुटबॉल वर्ल्ड कप चार वर्षांवर आलेला, स्टेडियमची कामं जोरात, त्यामुळे कामाला उसंत नव्हती. सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. दाराशी एक लांब टेबल असायचं. बायबलमधल्या पहिल्या मंडळीतली माणसं आपलं ते सगळ्यांचं समजत, तसं आम्हीही जमेल ते तिथे ठेवायचो: तांदूळ, तेल, जुने बूट, चार्जर. गरज असेल तो उचलायचा. कुणी ठेवलं, कुणी नेलं, हे विचारायचं नाही. माझा देवापेक्षा त्या टेबलावर जास्त विश्वास होता.

मग दुबईमार्गे उपदेशक ब्रदर प्रताप अवतरले. "ब्रदर्स अँड सिस्टर्स, टेबलावर सगळं येतंय का? की कुणी लपवतंय? पहिल्या मंडळीत एक नवरा-बायको जमीन विकून आलेल्या पैशाबद्दल खोटं बोलले आणि जागच्या जागी मेले! आधी नवरा. मग त्याला पुरून आलेल्यांची पावलं दाराशी वाजली, आणि बायको! हा रुमाल अभिषेकाचा आहे. लबाडाचा हात लागला की तो रक्त दाखवतो. हालेलुया!"

संपतच्या आधी चौघांच्या हातांनी रक्त दाखवलं होतं. त्यांची घड्याळं आणि अंगठ्या शुद्धीकरणासाठी ब्रदरांच्या बॅगेत गेल्या होत्या. संपतला त्यांनी बजावलं, "पुढच्या शुक्रवारी लपवलेलं घेऊन ये. नाहीतर पावलं ऐकू येतील."

बुधवारी सचिनचा फोन आला. हा ड्रायव्हर, संपतच्याच खोलीतला. "ताई, संपत पाच दिवस जेवला नाय. परांचीवर बसून नुसता खाली बघत राहतो. म्हणतो, दाराशी पावलं वाजतात. मला भ्या वाटतं ओ, पडंल तो."

"तू त्याच्याबरोबर जेवतोस ना?"

"रक्त निघालं ना ताई," सचिन म्हणाला.

नमुने घ्यायच्या निमित्ताने मी साइटवर गेले. संपत नळाशी बसून हात घासत होता. डोळे खोल गेलेले. मागून माझी पावलं वाजली तसा तो दचकून भिंतीला टेकला.

"ताई, रुमाल खोटा नाही," तो म्हणाला. "बबीतासाठी फोन घेतलाय. माझी पोर. दहावी झाली. बॅगेत लपवून ठेवलाय. आता मी मरणार का?"

"कशाने घासतोयस?"

"कपड्याची पावडर. सिमेंट साध्या साबणानं निघत नाही. देवापुढं घाण हातानं कसं जावं? त्या दिवशीही लई घासले होते. नळाला पाणी कमी, पावडर पुरती निघत नाही."

काँक्रीटवर औषध टाकून रंग बदलतो का हे बघण्यात माझी बारा वर्षं गेली, आणि हे मला दिसलं नव्हतं! मला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी ब्रदरांनी रुमाल पसरला आणि मी पुढे झाले. "आधी सचिनचा हात." रुमाल पिवळाच राहिला. "राहणारच. हा पठ्ठ्या हात धूतच नाही." हॉलमध्ये हशा पिकला. मग मी त्याच्या तळव्यावर बरोबर आणलेली चिमूटभर कपड्याची पावडर चोळली. ठसा लाल!

"सचिन, काय लपवलंस?"

"काय नाय ताई, आईशप्पथ!"

टेबलावरचं लिंबू कापून मी त्या रक्तावर पिळलं. रक्त पिवळं झालं.

"ही हळद आहे. खार लागला की लाल, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. पावडरीत खार, सिमेंटमध्येही खार. पकडलेले पाचही जण गवंडी कसे, हे आपण कुणी विचारलं का? जे सगळ्यात जास्त घासून आले, तेच लबाड ठरले. ब्रदर, पावडर लावून तुमचा हात ठेवा बरं."

"हा सैतान बोलतोय!" म्हणत ब्रदरांनी दोन्ही हात खिशात घातले. आधी पकडलेले चौघे गवंडी उठले, ब्रदरांची बॅग टेबलावर रिकामी केली आणि त्यांना दार दाखवलं. खलास!

पण संपत अजून दाराकडेच बघत होता. "ताई, रुमाल खोटा. पण फोन तर मी खरंच लपवला."

"टेबलावर ठेवायची सक्ती कधी होती? त्या नवरा-बायकोनेही जमीन ठेवून घेतली असती तरी चाललं असतं. ते खोटं बोलले. तू खरं बोल."

त्याने पिशवीतून फोन काढला. "हा माझ्या पोरीसाठी हाय. टेबलावर ठेवणार नाही."

सगळे श्वास रोखून दाराकडे बघत राहिले. मीसुद्धा. कुणाची पावलं वाजली नाहीत.

माणसांनो, कुणाच्या मनात काय आहे हे रुमालाला कळत नाही. आपण प्रत्येकानेच काही ना काही मागे ठेवलेलं असतं, म्हणून असल्या डागांना आपण भितो. डाग दिसला तर तो कशाने पडला ते आधी शोधा आणि माणसाला नीट विचारा. त्याच्यावर निवाडा नंतरही करता येईल.

संपतने साध्या पाण्याने हात धुतले. सचिनने मान खाली घालून आपलं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं आणि सात दिवसांनी संपत जेवला.