शेवटच्या दहा मिनिटांचा फुटबॉल

मित्रांनो, तेलंगणातल्या तलमडुगूच्या मुलींचा म्हातारा फुटबॉल तुमच्याशी बोलतो आहे. वय विचारू नका. अंगावरचे काळे-पांढरे तुकडे कधीच एका रंगाचे झाले आहेत, इथल्या काळ्या मातीच्या. पण तरुणपणी मी काय होतो म्हणून सांगू! एकदा अशी लाथ बसली की उडालो तो थेट गुडीहत्नूरच्या हायवेवर, एका ट्रकच्या टपावर. ट्रकवाल्याने मला नागपूर दाखवून परत आणून सोडले, तोवर इकडे तोच सामना चालू होता. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पुढचे मात्र खरे आहे.

मला शाळेतल्या धम्मदीप सरांनी आदिलाबादहून आणले, बसमध्ये चक्क मांडीवर बसवून. त्याआधी मुली कशाने खेळत होत्या, ठाऊक आहे? राहीबाईंनी जुन्या लुगड्यात कापूस ठासून शिवलेल्या गोळ्याने. तो बिचारा उसळतच नसे. पडेल तिथे बसून राही. दोन वर्षे त्या गोळ्यामागे धावून मुली मऊ चेंडू पळवण्यात पटाईत झाल्या होत्या. माझी पहिली उसळी पाहिली तेव्हा त्या किंचाळून मागे सरल्या.

राहीबाईंची लेक वृषाली आमची कप्तान. तिचे वडील रामाजी. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एकेक हात मोलाचा, त्यामुळे त्यांनी लेकीला अट घातली होती.

"जितून राह्यली तोवर खेळ. ज्या दिवशी हारशीन, त्या दिवशी बूट बंद. मंग सकाळ-संध्याकाळ वेचणी."

"अन नाईच हारलो तं, बा?"

"तुमी? त्या गोळ्यावाल्या?" रामाजी असे हसले की बैलांनीही मान वळवून पाहिले.

वृषाली रोज पहाटे उठून वेचणी करायची, दुपारी खेळायला यायची. तिच्या सगळ्या मैत्रिणींचे तेच.

आता माझे गुपित सांगतो. स्पर्धेच्या आधी मी एकदा शेजारच्या वावरात गेलो आणि वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, एक टोकदार खुंट मला टोचला. भोक मोहरीच्या दाण्याहून लहान. हवा इतकी हळू जायची की मला नुसत्या गुदगुल्या होत. सर सामन्याआधी पंपाने मला टणक करत. सामना सत्तर मिनिटांचा. साठ मिनिटे मी टणक, आणि शेवटची दहा मिनिटे? हुबेहूब कापसाचा गोळा!

आमच्या गावाला धड मैदान नाही, म्हणून आम्ही नेहमी पाहुणे. आणि स्पर्धेतली रीत अशी की चेंडू पाहुण्यांनी आणायचा. पहिल्या सामन्यात गुडीहत्नूरच्या मुली एका गोलने पुढे होत्या. साठ मिनिटे झाली, मी ढिला पडलो. त्या लाथ मारत, मी चार पावलांवर बसकण मारी. आमच्या मुलींना मात्र माहेरी आल्यासारखे वाटले. दोन गोल, सामना खिशात. दुसरा तसाच. तिसरा आणि चौथाही तसाच. हरता हरता जिंकणारा संघ म्हणून आमचे नाव झाले.

पण श्रेय कोणाला मिळाले, ऐका. पहिल्या सामन्यात "हारल्या आता" म्हणून रामाजी उठून पाठ फिरवून चालू लागले आणि तेवढ्यात गोल झाला. बस्स! गावाने ठरवले, सगळी किमया रामाजींच्या पाठीची. त्यानंतर साठावे मिनिट लागले की लोक ओरडत, "रामाजी, पाठ फिरवा वो!"

"काऊन? माह्या पाठीत काय लोहचुंबक हाय?"

"फिरवा म्हणतो ना! पोरी हारून राह्यल्या!"

ते कुरकुरत वळत. चार सामन्यांत लेकीचा एकही गोल त्यांनी पाहिला नव्हता. आणि भोक माझे, हवा माझी, नाव त्यांच्या पाठीचे! मी रागाने फुगलो असतो, पण फुगायचीच तर अडचण होती.

अंतिम सामना भैंशाला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या शेजारच्या मैदानावर. भैंशाच्या मुलींनी एक गोल केला होता. साठ मिनिटे झाली. रामाजी जिनिंगच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. चेंडू आत टाकायला वृषालीने मला डोक्यावर उचलले आणि माझे भोक नेमके तिच्या कानाशी आले. सूंऽऽ.

तिने मला खाली घेतले. अंगठ्याने दाबून पाहिले. मित्रांनो, तिच्या बोटांतून मला सगळे कळले. चारही सामने तिच्या डोळ्यांपुढून गेले. बूट बंद होणार हेही तिला दिसत होते. मी मनात म्हटले, "फेक बाई मला, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

ती सरळ पंचांकडे गेली. "सर, इसमें छेद है. दूसरा बॉल लीजिए."

"फितूर झाली!" मी ओरडलो. पण माझे ओरडणे म्हणजे तेच, सूंऽऽ.

"अवो, पाहा ना, पोरगी काय करून राह्यली!" राहीबाईंनी नवऱ्याचा सदरा ओढला. रामाजी वळले.

"काऊन सांगतलं व पोरी? आता हारशीन ना!"

"बा, आपलं खेळनं नोतं ते!"

यजमानांचा नवाकोरा टणक चेंडू आला. मी सरांच्या पायाशी पडून होतो. मनात म्हणत होतो, आता कळेल माझी किंमत. लोक ओरडत होते, "पाठ, रामाजी, पाठ!" पण ते पाठ फिरवायचेच विसरले होते.

मग मी जे पाहिले ते कबूल करायला मला फार जड जाते. भैंशाच्या मुली दमून कमरेवर हात ठेवू लागल्या आणि आमच्या मुली तर जणू आत्ताच मैदानात उतरल्या होत्या. पहाटेपासून वाकून ओळीच्या ओळी वेचणाऱ्या मुली त्या, सत्तर मिनिटांनी कुठल्या थकतात! सहासष्टाव्या मिनिटाला बरोबरी. शेवटच्या मिनिटाला वृषालीचा गोल. माझ्याशिवाय. कोणाच्या पाठीशिवाय.

मागचे चार सामने तिला टोचत राहिले. सरांनी चारही गावांना खरे सांगितले आणि चांगल्या चेंडूने पुन्हा खेळायला बोलावले. तीन जिंकलो. गुडीहत्नूरने मात्र आम्हाला तीन गोलांनी लोळवले, तेही शेवटच्या दहा मिनिटांत!

त्या संध्याकाळी वृषालीने बूट फळीवर ठेवले आणि वेचणीची ओटी कमरेला बांधली. रामाजींनी ती सोडून स्वतःच्या कमरेला गुंडाळली.

"अट तं अट हाय, बा."

"अट मी घातली, मीच मोडली. हारजीत तुमी पाहा, संध्याकाळची वेचनी आमी पाहू. अन त्या गुडीहत्नूरवाल्यायले पुन्हा बलाव. मले पाहाचं हाय."

दुसऱ्या दिवशी तिने मला सायकलवाल्याकडे नेऊन ठिगळ लावून घेतले.

म्हणून मित्रांनो, हवा भरण्याआधी आम्हाला एकदा बादलीत बुडवत जा. बुडबुडे आले तर घाबरू नका आणि लपवू तर मुळीच नका. वेळेवर लावलेले ठिगळ पुष्कळ वर्षे चालते. माझ्या ठिगळाचा हा तिसरा हंगाम आहे, आणि उसळी अशी की परवाच मी एका ढगाला भोक पाडले. गावात दोन दिवस गळत होते.